मोठ्या मुलांना डिस्नेच्या पार्कात वेश करून जाता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सहलीची तिकिटं निघाली की हा प्रश्न येतोच. बहुतेक वेळा तो आईचा असतो आणि घाईत असतो, कारण झगा आधीच विकत घेऊन झालेला असतो. इथली उत्तरं फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड या दोन ठिकाणांपुरती आहेत. इतर पार्कांबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे. पार्कवाले नियमांत अधूनमधून फेरफार करतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

१. नेमकी वयाची अट काय आहे?

वय १३ किंवा त्याहून कमी असेल तर वेश चालतो. १४ पूर्ण झाली की एरवीच्या दिवशी चालत नाही. 'एरवीच्या दिवशी' म्हणजे साधं तिकीट काढून पार्कात जातो तो दिवस. वेगळ्या तिकिटाचे खास कार्यक्रम असतात, त्यांचं गणित निराळं आहे (प्रश्न ८ पाहा). मुलगा-मुलगी असा भेद नाही, आणि राजकन्येचा झगा असो की समुद्री चाच्याचा वेश, नियम तोच.

२. पण तिकिटात तर दहाव्या वर्षीच 'मोठं' धरतात. मग माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला झगा चालेल का?

चालेल. गोंधळ होतो तो इथे एकच वय नसून वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी वयं असल्यामुळे. मुलांचं तिकीट ३ ते ९ वर्षांपर्यंत. १० पूर्ण झाली की मोठ्यांचं तिकीट. लहान मुलींना (आणि मुलांनाही) नटवून देणारं बिबिडी बॉबिडी बुटीक ३ ते १२ वयासाठी आहे. वेशाची हद्द १३ पर्यंत. एकट्याने, म्हणजे मोठं कुणी सोबत नसताना, पार्कात शिरायला १४ पूर्ण हवीत. राइडवर ७ वर्षांखालच्या मुलासोबत १४ किंवा त्याहून मोठं कुणीतरी लागतं.

आता तेरा वर्षांच्या पोराची अवस्था बघा. तिकीट मोठ्याचं, बुटीकचं दार बंद, वेशाला मुभा, आणि फाटकातून एकट्याने शिरायला मनाई. एरवीही तेराव्या वर्षी माणसाची अशीच ओढाताण चालू असते म्हणा. तुमच्यापुरतं लक्षात ठेवायचं ते एवढंच, की तिकिटावरच्या 'अ‍ॅडल्ट' या शब्दाचा वेशाशी काडीचाही संबंध नाही.

३. हा नियम आहे तरी कशासाठी? एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीने 'फ्रोजन' चित्रपटातल्या एल्साचा झगा घातला तर कुणाचं काय बिघडतं?

दोन कारणं आहेत. पहिलं ओळखीचं. पार्कात खरी एल्सा, म्हणजे त्या कामासाठी नेमलेली, फिरत असते. चार वर्षांच्या मुलाला पाच फुटी, चांगला झगा घातलेली, वेणी पुढे सोडलेली मुलगी दिसली तर ते तिच्याकडेच धावणार. सही मागणार, फोटो काढायचा हट्ट धरणार. ही मुलगी हसून 'अगं, मी ती नव्हे' म्हणाली तरी त्या लहानग्याचा हिरमोड व्हायचा तो होतोच. आणि कुणी पाहुण्याने त्या वेशात वेडंवाकडं वागलं तर नाव मात्र पार्काच्या पात्राचं खराब होतं. आठ वर्षांच्या मुलीला कुणी खरी एल्सा समजत नाही, म्हणून तिला मोकळीक. गंमत म्हणजे डिस्नेमध्ये कर्मचाऱ्यांच्या गणवेशालाही 'कॉस्च्युम'च म्हणतात, आणि कर्मचाऱ्याला 'कास्ट मेंबर'. जिथे झाडूवाल्याचा पोशाखही नाटकाचा भाग मानतात, तिथे प्रेक्षकाने रंगमंचावर चढू नये असं त्यांना वाटणारच.

दुसरं कारण सुरक्षेचं. डिसेंबर २०१५ मध्ये दारावर मेटल डिटेक्टर आले, खेळण्यातल्या बंदुका पार्कात विकणं आणि आणणं बंद झालं, आणि त्याच वेळी १४ व त्यावरच्यांच्या वेशांवर व मुखवट्यांवर बंदी जाहीर झाली. पुष्कळ थरांचे कपडे तपासायला वेळ लागतो, आणि झाकलेला चेहरा ओळखता येत नाही. हेही कारण मला पटतं, पण खरं वजन पहिल्याचंच आहे असं माझं मत.

४. म्हणजे तेरापर्यंतच्या मुलांना काहीही चालतं?

काहीही नाही. मुखवटा असेल तर त्याने पूर्ण चेहरा झाकला जाता कामा नये आणि डोळे दिसायला हवेत. टोकदार, धारदार किंवा चालताना दुसऱ्याला लागेल असं काही वेशात नको. बीभत्स, हिंसक, कुणाला दुखावणारं काही नको. जमिनीवर लोळणारे कपडे तर पार्कात कुणालाच चालत नाहीत, त्यामुळे लहान मुलीचा घोळदार झगा घोट्यापर्यंत दुमडून टाका घाला. हा टाका नियमापेक्षाही तिच्या दातांसाठी जास्त गरजेचा आहे.

५. तलवार, लाइटसेबर, बंदूक यांतलं काय नेता येतं?

प्लास्टिकचा लाइटसेबर ('स्टार वॉर्स' चित्रपटांतली प्रकाशाची तलवार) आणि दिसताक्षणी खेळणं वाटणारी तलवार चालते. बंदूक नाही, मग ती कितीही रंगीत असो. खऱ्या शस्त्रासारखं दिसणारं किंवा तसं वाटू शकणारं काहीही दाराबाहेरच राहणार. घरी लाकडाची सुरेख ढाल-तलवार बनवली असेल तर ती घरीच शोभेल.

६. आमचा मुलगा तेराचाच आहे, पण मिसरूड फुटलंय आणि उंची साडेपाच फूट. दारात अडवतील का?

अडवू शकतात, निदान विचारू तरी शकतात. नियम वयाचा आहे, दिसण्याचा नाही; पण दारावरचा माणूस दिसण्यावरूनच अंदाज बांधणार. बाहेरदेशातून जाणाऱ्यांकडे पासपोर्ट असतोच. त्याच्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा, विचारलं तर शांतपणे दाखवा.

मुलाशी मात्र आधी बोलून घ्या. या वयात चारचौघांत 'हा नक्की तेराचा आहे ना?' असं ऐकणं काहींना भारी वाटतं, काहींना मेल्याहून मेल्यासारखं होतं. दुसऱ्या गटातला असेल तर प्रश्न ११ मधला मार्ग त्याच्यासाठी जास्त चांगला.

७. सहलीच्या मधल्याच दिवशी मुलीला चौदावं पूर्ण होतंय. मग?

वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत वेश घालू द्या. नियम '१४ किंवा त्याहून मोठे' असा आहे, त्यामुळे वाढदिवसाच्या दिवशी ती पलीकडे गेलेली असते. 'आजच तर झालीत चौदा' असं म्हणून कुणी हसून सोडेलही, पण त्या आशेवर दुसरे कपडे न घेता जाऊ नका. मी तर सुचवेन की झग्याचा दिवस सहलीच्या सुरुवातीला घ्या आणि वाढदिवशी कर्मचाऱ्यांकडून वाढदिवसाचा बिल्ला मागून घ्या. तो फुकट मिळतो, कुठल्याही वयाला मिळतो, आणि दिवसभर येता-जाता कर्मचारी शुभेच्छा देतात.

८. मोठी मुलं कायदेशीरपणे पूर्ण वेश करून जाऊ शकतील असा एखादा दिवस आहे का?

आहे. फ्लोरिडात मॅजिक किंगडम पार्कात 'मिकीज नॉट-सो-स्केरी हॅलोविन पार्टी' होते. ऑगस्टपासूनच तिच्या निवडक रात्री सुरू होतात. कॅलिफोर्नियात डिस्ने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर पार्कात 'ऊगी बूगी बॅश' असतो, तो २०१९ पासून. दोन्हींना सगळ्या वयाच्या लोकांनी वेश करून येणं अपेक्षितच असतं. पंधरा वर्षांची मुलगी, तिचा चाळिशीतला बाबा, आजोबा, सगळे. कॅलिफोर्नियात 'डिस्नेलँड आफ्टर डार्क' नावाने ज्या विषयवार रात्री होतात, त्यांतही नटून येण्याचं आमंत्रण असतं.

या सगळ्यांना वेगळं तिकीट लागतं. दिवसाच्या तिकिटावर आत गेलात आणि पार्टी सुरू होताना तिथेच थांबलात, असं जमत नाही. उलट पार्टीच्या तिकिटावर कार्यक्रमाच्या काही तास आधी आत सोडतात. मॅजिक किंगडमची पार्टी साधारण संध्याकाळी ७ ते मध्यरात्री आणि प्रवेश दुपारी ४ पासून, अशी पद्धत आहे. वेश घालून मिरवायला हा वेळ पुष्कळ झाला. सहलीच्या तारखा तुमच्या हातात असतील आणि मूल चौदा-पंधराचं असेल, तर मी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी या रात्रींची तिकिटं बघेन. ती संपतात.

९. पार्टीच्या रात्री तरी मोठ्यांना सगळं चालतं ना?

वेश चालतो, मुखवटा नाही. १४ आणि त्यावरच्यांना पार्टीतही कुठल्याच प्रकारचा मुखवटा घालता येत नाही. डोक्यावर काही घालायचं तर चेहरा उघडा राहायला हवा. पाठीवरचा केप कमरेच्या खाली उतरता कामा नये. हे वाचून बॅटमॅनप्रेमी मंडळी नेहमी हळहळतात. झगा जमिनीला टेकायला नको. पूर्ण अंग वेढणारे, फुगवलेले किंवा थरांचे पोशाख टाळा असं पार्क स्पष्ट सांगतं, आणि घातलेच तर जादा तपासणी होऊ शकते. पारदर्शक पंख, घेरदार टुटू (बॅले नर्तकीचा आखूड घागरा), खेळण्यातली तलवार चालते (शस्त्रांबद्दल प्रश्न ५).

वागण्याचाही एक नियम आहे. पाहुण्याने वेश केला म्हणून इतर पाहुण्यांसाठी पात्र बनून फोटोला उभं राहायचं नाही, सह्या द्यायच्या नाहीत. भाऊ-बहिणींनी एकमेकांचे फोटो काढावेत, अनोळखी मुलांना रांगेत उभं करू नये. वेश जितका हुबेहूब, तितकं हे आधी समजावून सांगणं गरजेचं.

१०. ऑक्टोबरात सगळं पार्क भोपळ्यांनी सजलेलं असतं. तेव्हा दिवसाही मोठ्यांना सूट असते का?

नाही. सजावट महिनोन्‌महिने असते, सूट फक्त पार्टीच्या तिकिटावर.

११. एरवीच्या दिवशी मोठ्या मुलीला काहीतरी हवंच असेल तर काय करता येईल?

डिस्नेबाउंडिंग. हा शब्द लेस्ली के यांच्या २०११ मधल्या ब्लॉगवरून रूढ झाला. कल्पना अशी की पात्राचा पोशाख न घालता त्याचे रंग आणि एखादी खूण आपल्या रोजच्या कपड्यांत आणायची. निळा टॉप, पिवळा स्कर्ट, केसांत लाल रिबन आणि पर्सला सफरचंदाचं किचेन, झाली स्नो व्हाइट. लाल टी-शर्ट आणि पिवळी पँट म्हणजे विनी द पू. पांढऱ्या टी-शर्टवर हिरवी-जांभळी कड आणि तसेच बूट घातले की बझ लाइटइयर. जाणकाराच्या चटकन लक्षात येतं, बाकीच्यांना नुसती नीटनेटकी मुलगी दिसते. पार्काला याचं वावडं नाही. उलट त्यांच्याच दुकानांत मोठ्यांच्या मापाचे, पात्रांच्या रंगसंगतीचे ड्रेस मिळतात.

खरं सांगायचं तर चौदा-पंधरा वर्षांच्या बऱ्याच मुलामुलींना हेच जास्त आवडतं. तयार झगा ऑनलाइन मागवला की काम संपतं. इथे कपाट उपसावं लागतं, आत्याची ओढणी मागावी लागते, मोज्यांचा रंग जुळवावा लागतो. खलनायकांचं तर विचारूच नका. काळा-जांभळा-हिरवा असा मेलफिसेंटचा मेळ जमवण्यात माझ्या भाचीने एक पूर्ण रविवार घालवला होता, आणि अभ्यासाला तिने इतका वेळ दिल्याचं कुणाला आठवत नाही.

मिकीचे कान, कानांची टोपी, बो असलेला हेअरबँड हे सगळ्या वयांना, सगळ्या दिवशी चालतं.

१२. बाउंडिंग कुठे संपतं आणि कॉस्च्युम कुठे सुरू होतो?

फूटपट्टी लावता येत नाही. शेवटी निर्णय दारावरच्या कर्मचाऱ्याचा, आणि तो अंतिम. मी स्वतः एक प्रश्न विचारते: हेच कपडे घालून मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली तर लोक 'छान दिसतेस' म्हणतील की 'आज काय फॅन्सी ड्रेस आहे का?' असं विचारतील? दुसरं असेल तर एक वस्तू कमी करा. बहुतेक वेळा ती वस्तू विग असते. नंतर लांब हातमोजे, मुकुट, केप. यांतलं एकेक सुटं असेल तर खपून जातं. तिन्ही एकत्र आले आणि खाली घोळदार झगा असला की त्याला दुसरं नावच उरत नाही. तुमचा फोटो लांबून काढला आणि त्यात पात्र दिसलं, तर हद्द ओलांडली असं समजा.

१३. झगा पार्कातल्याच दुकानात, मोठ्यांच्या मापात मिळतो. तिथेच घेऊन तिथेच घातला तर?

हा तक्रारीच्या सुरात येणारा प्रश्न आहे आणि सूर अगदीच चुकीचा नाही. २०१९ मध्ये उघडलेल्या 'गॅलेक्सीज एज' या 'स्टार वॉर्स'च्या विभागात जेडाय योद्ध्यांचे झगे मोठ्या मापातही विकायला ठेवले. वेशाची वयाची अट मात्र तशीच होती. विकतात म्हणून घालायची मुभा आहे, असा अर्थ काढू नका. पिशवीत ठेवा, घरी किंवा प्रश्न ८ मधल्या रात्री घाला. लाइटसेबर मात्र हातात घेऊन खुशाल फिरा.

१४. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. ठरावीक वेश अंगावर असला की तो शांत राहतो. काही सवलत मिळेल का?

दारात उभं राहून वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेलं कधीही बरं. पार्काच्या पाहुणे-सेवा विभागाला सहलीच्या काही दिवस आधी लिहा, वेशाचा फोटो जोडा आणि नेमकी गरज सांगा: कापडाचा स्पर्श हवा असतो, डोक्यावरचं आवरण हवं असतं की त्या पात्राची खूण. सवलत मिळेलच असं मी सांगणार नाही. पण गरज नेमकी सांगितली की मधला मार्ग निघतो. पुष्कळदा त्या पोशाखातला एकच कपडा किंवा वस्तू पुरेशी असते, आणि ती नियमात बसते. वैद्यकीय कारणासाठी लावलेला मास्क हा मुखवटा धरत नाहीत.

१५. आजी साडीत येणार आहेत, आणि आमच्या ओळखीचे एक काका पगडी बांधतात. हे वेशात मोडेल का?

नाही. रोजचा, परंपरेचा किंवा धर्माचा पोशाख हा वेश नव्हे. तिथे जगभरातले लोक आपापल्या कपड्यांत येतात. आजींना एवढंच सांगा की निऱ्या पाऊलभर वर घ्या आणि पदर खोचून ठेवा. राइडमध्ये बसता-उठता सैल टोक अडकू शकतं. ओढणीलाही हेच लागू.

१६. लेकीने वेश केलाय तर आईबाबांनी तिला साजेसा करायचा का?

एरवीच्या दिवशी नाही. तुम्ही चौदाच्या पुढचेच. प्रश्न ११ तुमच्यासाठीही आहे. लेक 'ब्युटी अँड द बीस्ट'मधली बेल आणि बाबा पिवळ्या शर्टात, एवढं पुरतं.

१७. नियम माहीत नव्हता आणि दारात अडवलंच, तर पुढे काय होतं?

वेशात बदल करता आला तर आत सोडतात. केप काढा, मुखवटा बॅगेत टाका, वरून साधा टी-शर्ट चढवा. बदल शक्य नसेल तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो, आणि आत गेल्यावर लक्षात आलं तर बाहेरही काढू शकतात. म्हणून झग्याच्या आत साधी शॉर्ट्स-टी-शर्ट घालून जाणं हा सगळ्यात स्वस्त विमा. मोठ्या मुलाच्या बाबतीत तर मी आदल्या रात्री हॉटेलातच विषय काढेन. चारशे लोकांसमोर झगा उतरवायला लागलेली चौदा वर्षांची मुलगी दिवसभर कुणाशी बोलत नाही.

१८. युनिव्हर्सलमध्येही असंच आहे का?

युनिव्हर्सल ही डिस्नेची प्रतिस्पर्धी कंपनी, आणि तिच्या पार्कांत हवा वेगळी आहे. हॅरी पॉटरच्या विभागात हॉगवॉर्ट्सचे काळे झगे घातलेली मोठी माणसं जागोजागी दिसतात, आणि हातात छडीही असते. पण ऑरलँडोतल्या 'हॅलोविन हॉरर नाइट्स'ला नेमकं उलट: तिथे वेश आणि मुखवटे कुणालाच चालत नाहीत, कारण घाबरवणारे कलाकार गर्दीत मिसळलेले असतात. डिस्नेच्या हॅलोविन रात्री वेश हवा, युनिव्हर्सलच्या भयरात्री नको. दोन्ही एकाच सहलीत करणारे लोक इथे हमखास चुकतात.

१९. आणि टोकियो डिस्नेलँड?

तिथे हद्द वयाऐवजी शाळेवरून ठरते. प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना एरवीही वेश चालतो, त्यापुढच्यांना फक्त हॅलोविनच्या ठरवून दिलेल्या काळात. त्या काळात मात्र मोठी माणसं अशी काही नटतात की बघत राहावं. पॅरिस, हाँगकाँग आणि शांघायचे नियम स्वतंत्र आहेत. फ्लोरिडातला तेराचा आकडा तिथे गृहीत धरू नका.

२०. पूर्ण वेश घालून दिवस काढणं मुलांना झेपतं का?

फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात अवघड आहे. तिथली हवा दमट, त्यात दुपारी पाऊस, आणि झगा बहुधा पॉलिएस्टरचा. सकाळी अकरापर्यंत हौस टिकते. नंतर विग आईच्या पिशवीत, पंख बाबांच्या पाठीवर आणि छडी कुणाच्या हातात आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. काचेच्या बुटांसारखे दिसणारे प्लास्टिकचे बूट तर घालूच नका. दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज चालणं होतं. वेश संध्याकाळी घाला. ऊन उतरलेलं असतं, दिवे लागतात, फोटोही छान येतात. दुपारी जाऊन कपडे बदलणार असाल तर हॉटेल जवळचं घ्या, नाहीतर फाटकाशेजारचे लॉकर वापरा.